बारागाड्या, केळीचा घड आणि न्यूटनचा तिसरा नियम
वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात गतीच्या तिसऱ्या नियमाचा ओझरता उल्लेख आला होता. एका वस्तूने दुसरीवर बल लावले, की त्याच क्षणी दुसरी वस्तूही पहिलीवर तेवढेच बल उलट दिशेने लावते, असा तो नियम. त्यावर जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून पत्रे आली. त्यांतील निवडक पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. आकडेमोड सोपी व्हावी म्हणून एक किलो वस्तूचे वजन सर्वत्र १० न्यूटन धरले आहे.

प्रश्न : आमच्या गावी खंडोबाच्या यात्रेत बारागाड्या ओढल्या जातात. भगत पुढे, सोबतीला त्यांचे बगले म्हणजे मदतनीस आणि मागे एकमेकींना बांधलेल्या, माणसांनी भरलेल्या बारा गाड्या. भगत जेवढ्या जोराने गाड्या पुढे ओढतात, तेवढ्याच जोराने गाड्या त्यांना मागे ओढत असतील, तर दोन्ही जोर फिटले पाहिजेत आणि गाड्या जागच्या हलता कामा नयेत. पण त्या तर चालतात. मग नियम चुकीचा म्हणायचा का?
— एक वाचक, एरंडोल तालुका

उत्तर : नियम बरोबर आहे आणि गाड्या चालतात हेही बरोबर आहे. चूक आहे ती ‘फिटले पाहिजेत’ या बेरजेत. दोन बले एकमेकांना तेव्हाच रद्द करतात, जेव्हा ती एकाच वस्तूवर लागलेली असतात. येथे भगताचा जोर लागतो गाड्यांवर आणि गाड्यांचा जोर लागतो भगतावर. रामाच्या खात्यावरची जमा आणि शामाच्या खात्यावरचा खर्च एकमेकांत वळते करून चालत नाही, तसेच हे आहे. म्हणून दोन खाती वेगवेगळी मांडून पाहू. श्रद्धेचा भाग श्रद्धेच्या जागी ठेवून, केवळ हिशेबासाठी काही आकडे गृहीत धरतो.

भगत आणि बगले मिळून पाच जण आहेत आणि त्यांचे एकत्रित वस्तुमान ३०० किलो आहे, असे समजा. माणसांसह बाराही गाड्यांचे वस्तुमान १०,००० किलो धरा. पाचही जण मिळून पहिल्या गाडीला २,००० न्यूटन बलाने पुढे ओढतात. आता फक्त गाड्यांचे खाते उघडा. त्यांना पुढे नेणारे बल २,००० न्यूटन. त्यांना मागे धरणारे बल कोणते? चाकाच्या धावेखाली दबणारी माती आणि आखाचे घर्षण, हे मिळून १,८०० न्यूटन समजू. उरले २०० न्यूटन, तेही पुढच्या दिशेने. दहा हजार किलो ओझ्यावर २०० न्यूटन म्हणजे त्वरण, म्हणजे वेग वाढण्याचा दर, फारच थोडे. पाच सेकंदांनी गाड्यांचा वेग सेकंदाला जेमतेम दहा सेंटीमीटर होईल. पण गाड्या हलल्या.

आता ओढणाऱ्यांचे खाते. गाड्या त्यांना २,००० न्यूटन बलाने मागे ओढत आहेत, यात एका न्यूटनाचीही सूट नाही. तरी ते पुढे जातात, कारण त्यांच्या तळपायांनी जमिनीला मागे रेटले आहे आणि जमिनीने त्यांना पुढे रेटले आहे. गाड्यांइतक्याच त्वरणाने पुढे सरकण्यासाठी त्यांच्या ३०० किलो वस्तुमानाला अवघे ६ न्यूटन पुरतात, म्हणजे जमिनीने त्यांना २,००६ न्यूटन बलाने पुढे ढकलले असले पाहिजे. गाड्या चालतात की नाही, याचा निकाल दोरावर लागत नाही. तो पायाखाली आणि चाकाखाली लागतो. सगळ्यांना मिळून एकच वस्तू मानले तरी तेच दिसते. मग दोरातली ओढाताण घरातल्या घरात मिटते आणि बाहेरची फक्त जमीन उरते. पायांना ती २,००६ न्यूटन पुढे ढकलते, चाकांना १,८०० न्यूटन मागे धरते आणि उरलेले २०६ न्यूटन १०,३०० किलोंच्या सगळ्या लवाजम्याला हलवतात.

पायाखालच्या जमिनीवर तेल सांडले आहे, असे मनात आणून पाहा. पाय घसरतील, जमिनीला मागे रेटता येणार नाही आणि दोराला ताण दिला तर गाड्या पुढे येण्याऐवजी माणसेच गाड्यांकडे सरकतील. किंवा भगतांना पहिल्या गाडीत बसवा आणि तिथूनच तिचे जू ओढायला सांगा. त्यांनी कितीही ताकद लावली तरी गाडी तसूभर हलणार नाही, कारण जोर लावणारा आणि जोर सोसणारा दोघेही एकाच गाडीत आहेत आणि बाहेरच्या जमिनीशी त्या जोराचा काही संबंध उरलेला नाही.

न्यूटनने १६८७ मध्ये हा नियम प्रसिद्ध केला, तेव्हा दोराने दगड ओढणाऱ्या घोड्याचे उदाहरण घेतले होते आणि घोडाही दगडाकडे तेवढाच ओढला जातो, असे स्पष्ट म्हटले होते. म्हणजे आपल्या शंकेचे मूळ थेट न्यूटनच्या उदाहरणात आहे आणि गेली सव्वातीनशेहून अधिक वर्षे ती शंका प्रत्येक पिढीतल्या विचारी विद्यार्थ्याला पडत आली आहे. ज्याला ती पडत नाही, त्याने नियम फक्त पाठ केला आहे, असे मी समजतो.

एक गोष्ट आपण पाहिली असेलच. पहिला हिसका सगळ्यात अवघड असतो. गाड्या एकदा चालू लागल्या की काम हलके होते. उभ्या गाडीचे चाक मातीत थोडे बसलेले असते आणि त्या खळग्याच्या कडेवरून त्याला वर काढावे लागते. शिवाय गाड्यांमधले दोर थोडे सैल असल्यामुळे बारा गाड्या एकदम निघत नाहीत, एकामागून एक निघतात, आणि ते ओढणाऱ्यांच्या सोयीचेच असते.

प्रश्न : मी नववीला विज्ञान शिकवते. टेबलावर ठेवलेल्या पुस्तकाचे वजन ही क्रिया आणि टेबलाने पुस्तकावर वरच्या दिशेने लावलेले बल ही प्रतिक्रिया, असे बहुतेक मुले लिहितात. दोन्ही बले समान आहेत आणि विरुद्धही आहेत. मी गुण द्यावेत का?
— एक शिक्षिका, चाळीसगाव

उत्तर : देऊ नयेत. हे उत्तर दिसायला निर्दोष आहे, पण आहे चूक. वरच्या उत्तरातली कसोटी इथेही लावा. पुस्तकाचे वजन हे पुस्तकावर लागलेले बल आहे आणि टेबलाचा रेटाही पुस्तकावरच लागलेला आहे. दोन्ही बले एकाच वस्तूवर असल्यामुळे ती तिसऱ्या नियमाची जोडी असूच शकत नाहीत. ती समान आहेत, कारण पुस्तक स्थिर आहे. स्थिर वस्तूवरची बले एकमेकांना रद्द करतात, या पहिल्या नियमाचा हा परिणाम आहे.

मुलांच्या डोक्यात हे बसवायचे असेल, तर वस्तू स्थिर राहणार नाही असे उदाहरण द्यावे लागते, आणि आपल्या भागात ते रस्त्यावर रोज दिसते. रावेर-सावद्याहून केळीचा ट्रक निघाला आहे आणि त्यात २० किलोचा एक घड आहे. पृथ्वी त्या घडाला २०० न्यूटन बलाने खाली ओढते. ट्रक सपाट रस्त्यावर असेपर्यंत ट्रकचा तळही घडाला २०० न्यूटन बलाने वर रेटतो. गतिरोधकावरून चाक खाली उतरते, तेव्हा तळ घडाखालून निसटू लागतो आणि त्याचा रेटा २०० वरून कदाचित १०० वर येतो. पुढच्याच क्षणी स्प्रिंग दाबली जाऊन तळ वर येतो, तेव्हा तोच रेटा ३०० किंवा ४०० होतो. खालच्या फण्या काळ्या पडतात त्या याच क्षणी. या सगळ्या काळात घडाचे वजन मात्र २०० न्यूटनच राहिले. म्हणजे वजन आणि तळाचा रेटा समान असलेच पाहिजेत, असा कोणताही नियम नाही.

मग खऱ्या जोड्या कोणत्या? तळ घडाला वर रेटतो आणि घड तळाला खाली रेटतो, ही पहिली जोडी. पहिले बल १०० झाले की दुसरेही १००, पहिले ४०० झाले की दुसरेही ४००, आणि तेही त्याच क्षणी. दुसरी जोडी अशी, की पृथ्वी घडाला खाली ओढते आणि घड पृथ्वीला वर ओढतो. हे दुसरे वाक्य ऐकून वर्ग हसतो, पण ते अक्षरशः खरे आहे. २० किलोचा घड सबंध पृथ्वीला २०० न्यूटन बलानेच ओढतो. पृथ्वीचे वस्तुमान ६ वर चोवीस शून्ये इतके किलो असल्याने तिच्या हालचालीचा पत्ता लागत नाही, एवढेच.

मुलांना एक साधी सवय लावावी. प्रत्येक बलाचे पूर्ण वाक्य लिहायचे, ‘अमुकाने तमुकावर लावलेले बल’, आणि मग अमुक-तमुकांची अदलाबदल करायची. जे वाक्य मिळेल तीच जोडी. ‘पृथ्वीने पुस्तकावर’ याची अदलाबदल ‘पुस्तकाने पृथ्वीवर’ अशी होते. तिथे टेबलाला जागाच नाही. आणखी एक, जोडीतल्या कोणत्या बलाला क्रिया म्हणायचे हे आपल्या सोयीचे असते. एक आधी घडते आणि दुसरे त्याला उत्तर म्हणून मागून येते, असे नसते. उत्तरपत्रिकेत ‘नंतर प्रतिक्रिया होते’ असे वाक्य दिसले, तर त्याखालीही लाल रेघ ओढायला हरकत नाही.

प्रश्न : चिखलात रुतलेला ट्रॅक्टर काढताना पुढची चाके उचलली जातात आणि कधीकधी ट्रॅक्टर मागे उलटतो, असे ऐकतो. जोर मागच्या चाकांना, मग पुढचे तोंड वर का यावे? मागच्या चाकांना ओंडका बांधून ट्रॅक्टर बाहेर काढण्याची पद्धत आमच्याकडे आहे. ती बरोबर आहे का?
— एक शेतकरी वाचक, चोपडा तालुका

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यावर जीव अवलंबून आहे. ही पद्धत अत्यंत धोक्याची आहे. ती करू नये आणि दुसऱ्यालाही करू देऊ नये.

आता कारण. ट्रॅक्टरचे मागचे चाक मातीला मागे रेटते आणि माती चाकाला पुढे रेटते. हा रेटा मिळतो जमिनीच्या पातळीवर. मागे जोडलेली ट्रॉली किंवा नांगर ट्रॅक्टरला मागे ओढतो, पण तो जिथे जोडला आहे त्या उंचीवर. खाली पुढे जाणारा जोर आणि वर मागे जाणारा जोर, असे दोन विरुद्ध जोर वेगवेगळ्या उंचीवर लागले की ते ट्रॅक्टरला मागे कलंडवू पाहतात. आकड्यांत पाहू. दोन टनांच्या ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांवर साधारण ७,००० न्यूटन भार असतो आणि पुढच्या व मागच्या चाकांत दोन मीटर अंतर असते, असे धरा. ओढ १०,००० न्यूटन आहे. जोड जमिनीपासून ४० सेंटीमीटर उंचीवर असेल, तर पुढच्या चाकांवरचा भार २,००० न्यूटनने कमी होतो; ५,००० शिल्लक राहतो आणि स्टिअरिंग नीट चालते. तीच साखळी एक मीटर उंचीवर, म्हणजे सीटजवळ किंवा टॉप लिंकच्या (औजार जोडण्याच्या वरच्या दांड्याच्या) खुंटीला अडकवली, तर भार ५,००० न्यूटनने कमी होतो आणि पुढे फक्त २,००० उरतो. अशा वेळी क्लच एकदम सोडला, किंवा ओढ थोडी वाढली, की तोंड वर आलेच म्हणून समजा. म्हणून साखळी नेहमी मागच्या आखाच्या खाली, त्यासाठीच दिलेल्या पट्टीच्या हुकालाच अडकवावी. साखळी वर बांधली की मागच्या चाकांवर भार येऊन पकड वाढते, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. पकड वाढते हे खरे आहे, पण तो भार पुढच्या चाकांवरून काढून घेतलेला असतो.

ओंडक्याची गोष्ट याहून वाईट आहे. इंजिन गिअरमधून मागच्या आखाला पीळ देते, तेव्हा आखही ट्रॅक्टरच्या धडाला तेवढाच पीळ उलट दिशेने देतो. तिसरा नियम सरळ ढकलण्याला लागू आहे तसा पिळालाही लागू आहे. चाक मोकळेपणी फिरत असते, तेव्हा हा उलटा पीळ पुढच्या चाकांवरच्या भाराने सहज पेलला जातो. पण काळ्या मातीत आखापर्यंत रुतलेल्या चाकांना ओंडका बांधला आणि तो मातीत अडकून बसला, की चाके फिरणे बंद होते. पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचा पीळ आखापाशी पोहोचेपर्यंत शंभराहून अधिक पटीने वाढलेला असतो. तो कुठेतरी जायलाच हवा. चाक आखाभोवती फिरू शकत नाही, म्हणून सगळा ट्रॅक्टरच आखाभोवती फिरू लागतो. पुढची चाके वर येतात आणि दीड-दोन सेकंदांत चालक खाली आणि ट्रॅक्टर वर अशी स्थिती होते. क्लच दाबायचे लक्षात येईपर्यंत वेळ निघून गेलेली असते.

रुतलेल्या ट्रॅक्टरला शक्यतो मागच्या दिशेने काढावे. रिव्हर्समध्ये हाच उलटा पीळ ट्रॅक्टरचे नाक जमिनीकडे दाबतो, उचलत नाही. त्याने भागले नाही तर चाकांसमोरची माती खणून उतार करावा, औजार सोडून ठेवावे आणि दुसऱ्या ट्रॅक्टरने लांब साखळीने, हळूहळू ताण देत ओढावे. दोन तास जातील, ट्रॅक्टर घरी येईल.

प्रश्न : प्रकाशा येथे तापीच्या घाटावर न बांधलेल्या होडीतून उडी मारली, की होडी मागे जाते आणि उडी नेहमीपेक्षा तोकडी पडते. होडी मागे जाते हे तिसऱ्या नियमाने समजते. पण आपण होडीला लावलेला जोर आणि होडीने आपल्याला लावलेला जोर सारखाच असेल, तर उडी तोकडी का पडावी?
— एक वाचक, शहादा

उत्तर : फार नेमका प्रश्न आहे. जोर सारखा असला तरी पायांच्या कष्टाची वाटणी होते, हे याचे उत्तर.

उडी मारणाऱ्याचे वस्तुमान ६० किलो आणि होडीचे १८० किलो धरू. पाण्याचा विरोध बाजूला ठेवू. उडी मारताना दोघांवर सारखेच बल सारख्याच वेळेपुरते लागते, म्हणून दोघांचा संवेग, म्हणजे वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार, सारखा होतो. माणूस सेकंदाला ३ मीटर वेगाने घाटाकडे निघाला, तर तिप्पट जड होडी सेकंदाला १ मीटर वेगाने मागे जाते. ऊर्जा मात्र सारखी नाही. माणसाला २७० ज्यूल मिळाले आणि होडीने ९० ज्यूल नेले. पायांच्या स्नायूंनी एकूण ३६० ज्यूलचे काम केले, त्यातला चौथा हिस्सा होडीत गेला.

होडी घाटाला घट्ट बांधली असती, तर तोच धक्का दोरातून घाटाला आणि घाटातून पृथ्वीला मिळाला असता. पृथ्वी इतकी जड आहे, की तिच्या वाट्याला ऊर्जा जवळजवळ जातच नाही. सगळे ३६० ज्यूल माणसाला मिळाले असते आणि त्याचा वेग सेकंदाला साधारण साडेतीन मीटर झाला असता. उलट होडी माणसाइतकीच, ६० किलोंची असती, तर निम्मी ऊर्जा तिनेच नेली असती आणि माणसाचा वेग अडीच मीटरपर्यंत खाली आला असता. म्हणून होडी जितकी हलकी तितकी उडी तोकडी. नावाडी आधी दोर बांधतो आणि मगच उतरू देतो, त्याला हा हिशेब मांडून दाखवण्याची गरज पडत नाही.

उडी न मारता हळू चालत गेलात तरी सुटका नाही. याच होडीत आपण दोन मीटर घाटाकडे चालत गेलात, तर होडी तेवढ्या वेळात अर्धा मीटर मागे सरकलेली असते. चढताना अगदी जवळ वाटलेली पायरी उतरताना लांब गेलेली दिसते, त्याचे एक कारण हे आहे.

प्रश्न : भुसावळला मालगाड्यांचे इंजिन चाकांसमोर रुळावर वाळू सोडताना पाहिले आहे. एवढ्या जड इंजिनाला वाळूचा काय आधार?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : बारागाड्यांच्या उत्तरात भगताच्या पायाखाली जमीन होती, तिच्या जागी येथे रूळ आहे. इंजिनाची चाके रुळाला मागे रेटतात आणि रूळ इंजिनाला पुढे रेटतो. हा रेटा किती मिळू शकतो, ते चाक आणि रूळ यांच्यातील पकडीवर ठरते. १२० टनांच्या इंजिनाचे वजन १२ लाख न्यूटन होते. कोरड्या, स्वच्छ रुळावर त्याच्या साधारण तीन दशांश, म्हणजे सुमारे ३ लाख ६० हजार न्यूटन पकड मिळते. ओल्या किंवा तेलकट रुळावर ती एक दशांशापर्यंत, म्हणजे १ लाख २० हजारांवर येऊ शकते.

आता गाडी पाहू. भरलेली मालगाडी साडेचार हजार टनांची असेल, तर सपाटीवर तिला चालवायला साधारण ९० हजार न्यूटन पुरतात. पोलादी चाक पोलादी रुळावर फार कमी अडते, हे रेल्वेचे मोठे वैशिष्ट्य आहे. पण दोनशे मीटरला एक मीटर असा डोळ्यांना जाणवतही नाही इतका चढ लागला, तरी त्यात आणखी सव्वादोन लाख न्यूटनांची भर पडते. एकूण झाले ३ लाख १५ हजार. कोरड्या रुळावर हे जमते. पावसाच्या पहिल्या सरीने रूळ निसरडा झाला, की इंजिनाची चाके जागीच गरगरतात आणि गाडी उभी राहते. इंजिनाची ताकद तेवढीच आहे, पण त्याला पुढे रेटणारा रूळ हात आखडता घेतो. वाळूचे कण चाकाखाली चिरडून पकड परत आणतात.

गाडी सुटताना डब्यांमधून मागे मागे जाणारा ‘खट् खट्’ आवाज आपण ऐकला असेल. जोडणीतल्या थोड्या मोकळीकीमुळे डबे एकामागून एक निघतात, त्याचा तो आवाज.

प्रश्न : दिवाळीतला रॉकेट खालच्या हवेला ढकलून वर जातो. मग हवा नसलेल्या अवकाशात यान कशाला ढकलते?
— इयत्ता आठवीतील एक विद्यार्थी, अमळनेर

उत्तर : रॉकेट हवेला ढकलून वर जात नाही. ते आपल्या पोटातल्या जळत्या वायूला खाली ढकलते आणि तो वायू रॉकेटला वर ढकलतो. जोडी रॉकेट आणि वायू यांची आहे. बाहेरची हवा त्यात कुठेच नाही, उलट तिचा अडथळाच होतो.

तुझ्यासारखीच शंका एका मोठ्या वृत्तपत्राला आली होती. रॉबर्ट गॉडर्ड या अमेरिकी शास्त्रज्ञाने रॉकेट चंद्रापर्यंत जाऊ शकेल असे मांडले, तेव्हा ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने १९२० च्या जानेवारीत अग्रलेखात त्यांची थट्टा केली, निर्वातात रेटण्यासाठी काहीच नसते, हे शाळकरी ज्ञानही या प्राध्यापकाला नाही, असा त्याचा रोख होता. गॉडर्ड यांनी मात्र निर्वात केलेल्या नळीत प्रयोग करून तिथेही धक्का मिळतो, हे तपासले होते. १६ मार्च १९२६ रोजी त्यांनी द्रव इंधनावर चालणारे जगातले पहिले रॉकेट उडवले. अपोलो ११ चंद्राकडे निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी, १७ जुलै १९६९ रोजी, त्या वृत्तपत्राने आपली दुरुस्ती छापली. गॉडर्ड यांचे निधन त्याआधी १९४५ मध्येच झाले होते.

फुगवलेला फुगा तोंड न बांधता सोडून दिलास, तर हाच प्रकार घरात दिसेल.

प्रश्न : ट्रक आणि मोटारसायकल यांची धडक झाली, तर दोघांना सारखाच जोर बसतो, हे पटत नाही.
— एक वाचक, धुळे

उत्तर : जोर सारखाच बसतो, परिणाम सारखा होत नाही. स्वारासह २०० किलोची मोटारसायकल आणि २०,००० किलोचा भरलेला ट्रक यांच्या वस्तुमानात शंभर पट फरक आहे, म्हणून वेगातल्या बदलातही शंभर पट फरक पडतो. ट्रकचा वेग ताशी अर्ध्या किलोमीटरने बदलला, तर त्याच क्षणी मोटारसायकलचा वेग ताशी ५० किलोमीटरने बदलतो. ट्रकचालकाला हलका धक्का जाणवतो. स्वाराच्या शरीराला मात्र तो ५० किलोमीटरांचा बदल एका निमिषात सोसावा लागतो, आणि हेल्मेट त्या निमिषाला थोडे लांबवण्याचे काम करते.

प्रश्न : आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आम्ही झाडाला दोर बांधून झोके घेतो. पाय जमिनीला लागत नाही, मागून कोणी ढकलत नाही, तरी उठबस करून झोका उंच नेता येतो. इथे कोण कोणाला ढकलते?
— एक वाचक, पारोळा तालुका

उत्तर : पायांखालची फळी. झोका अगदी खालच्या टोकाला असतो, तेव्हा आपले शरीर वर्तुळाकार वाटेवर वळत असते, म्हणून फळीला आपल्याला वजनापेक्षा जास्त बलाने वर रेटावे लागते. आपणही तिला तेवढ्याच बलाने खाली दाबतो. नेमक्या त्या क्षणी आपण बसलेले असता आणि झटकन उभे राहता. जड झालेले शरीर पायांनी वर उचलण्यात आपण अधिक काम करता. वरच्या टोकाला झोका क्षणभर थांबतो, तिथे फळीचा रेटा कमी असतो, आणि तिथे आपण खाली बसता. परत मिळणारे काम थोडेच असते. प्रत्येक फेरीत दिलेले काम जास्त आणि परत आलेले कमी, हा फरक झोक्यात जमा होत जातो. फळीवरचा दाब दोरातून फांदीला, फांदीतून बुंध्याला आणि बुंध्यातून जमिनीला पोहोचतो. म्हणजे पाय जमिनीला लागले नाहीत, तरी जमिनीला आपण रेटतच असता. फांदी करकरते ती म्हणूनच, आणि ती जुनी किंवा पोखरलेली नाही ना, हे आधी पाहून घ्यावे.

मात्र पूर्ण स्थिर टांगलेल्या झोक्यावर फक्त सरळ उठबस करून तो कधीच सुरू होणार नाही. त्यासाठी दोर धरून अंग मागे झोकावे लागते, किंवा कोणीतरी एकदा ढकलून द्यावे लागते.